साहेबांचा मूळ पुरुष

मंडळी, आज इथे आखातात, फुजैराच्या ऑफिसात मी सूड उगवला.

आमचा अमेरिकन मॅनेजर माझ्या घराण्याचा कुलवृत्तांत चाळून सगळ्यांसमोर हसला होता. वर त्याच्या वडिलांच्या वाढदिवसासाठी स्वतःची वंशावळ शोधायचं काम मलाच दिलं. त्यांचा मूळ पुरुष म्हणे अमेरिकेत सुरुवातीला वसलेला मोठा जमीनदार.

महिनाभर इंटरनेटवर शोधलं. जमीनदार कसला, मेंढी चोरली म्हणून इंग्लंडने हद्दपार केलेला कैदी निघाला.

आज भर मीटिंगमध्ये मी ते सावकाश वाचून दाखवलं. साहेब पुटपुटला, "प्लीज, ती ओळ काढ."

म्हटलं, "सर, आमच्या कुलवृत्तांतात घरातून पळालेलेही छापतात. खलास."

घरी येऊन दोनदा भात घेतला. तुम्ही सोडलं असतं त्याला?