दरमहा आठ युरो चाळीस

हेल्लेवी राउतानेन एकोणतीस वर्षं आपल्या इमारतीच्या सोसायटीची खजिनदार होती, आणि त्यातली निदान वीस वर्षं ती दर मार्चमध्ये राजीनामा देत आली होती. तिने राजीनामा दिला की अध्यक्ष पेन्टी विचारायचा, "बरं, मग कोण घेतंय?" तळघरातल्या कपडे वाळवायच्या खोलीत चौदा बिऱ्हाडांची माणसं आपापल्या बुटांकडे बघत बसायची. दोनेक मिनिटं गेली की पेन्टी म्हणायचा, "मग एकमताने हेल्लेवीच." आणि सगळे कॉफीकडे वळायचे. फिनलंडमधल्या वार्काउस गावात एकमत असंच होतं. ते बोलून झालेलं कुणी पाहिलेलं नाही.

तशी ती कामाची पक्की. कागद गिरणीच्या पगार खात्यात अडतीस वर्षं काढली, आणि तेवढ्या काळात आपल्या हातून एका पैशाची चूक झाली नाही असं ती सांगायची. तिला खोटं पाडायला जे आकडे लागले असते तेही तिच्याच कपाटात होते, त्यामुळे वाद कुणी घातला नाही. लग्न केलं नव्हतं. एकदा ठरत आलं होतं, पण त्या माणसाला बेरजा तोंडी करायची खोड होती.

अठ्ठ्याण्णव साली प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात ती स्प्रेडशीट शिकली, आणि तेव्हापासून तिची शीट म्हणजे इमारतीची घटनाच झाली. एका घराला एक ओळ. ओळीत नाव, क्षेत्रफळ, दर आणि शेवटी महिन्याचं बिल. पैसे आले की ओळ हिरवी. नाही आले तर पिवळी, आणि मग जिन्यात ती त्या माणसाला हवापाण्याचं विचारायची. त्या विचारण्यात असं काही असायचं की दुसऱ्या दिवशी पैसे जमा.

या शीटवर कुणी बोट ठेवलं तर ते एकाच माणसाने. ताइस्तो पोय्होनेन, दुसरा मजला, छप्पन्न चौरस मीटर. दोन हजार सहा सालच्या जानेवारीत तो आणि त्याची बायको इर्या इथे राहायला आले. ताइस्तोची हयात लाकडाच्या वखारीत ओंडके मोजण्यात गेली होती. बायको शाळेच्या स्वयंपाकघरात होती. वर्षभर तो काही बोलला नाही. सात सालच्या सभेत, 'इतर विषय' आले तेव्हा तो उठून उभा राहिला.

"माझं बिल दरमहा आठ युरो चाळीसने जास्त येतंय."

"छप्पन्न गुणिले दर, एवढंच नसतं ते," हेल्लेवी म्हणाली. "पाणी आहे, बर्फ काढायचं आहे, जिन्यातला दिवा आहे."

"ते दरातच धरलेलं आहे. नोटीस बोर्डावर तुम्हीच लावलंय."

"ओंडके मोजणं वेगळं, ताइस्तो."

"ओंडक्याला कोपरे नसतात. घर सोपं."

लोक हसले. हेल्लेवी नाही हसली. ती वर घरी गेली, कॉम्प्युटर लावला, ताइस्तोचं बिल शेजारी ठेवलं आणि पडताळून पाहिलं. बिलावरचा आकडा आणि शीटमधला आकडा तंतोतंत एक. खाली येऊन तिने सांगितलं, "बरोबर आहे. मशीन चुकत नाही." बिल त्या शीटमधूनच छापलेलं होतं, तेव्हा दोन्ही आकडे एक नसते तरच नवल. पण कॉफी गार होत होती. पेन्टीने 'नोंद घेतली' असं लिहिलं.

पुढच्या मार्चला हेच. त्याच्या पुढच्याही. 'इतर विषय' म्हणजे ताइस्तो, असं समीकरणच झालं. इमारतीत त्याचं नाव आठ-चाळीस पडलं. "काय आठ-चाळीस, यंदा बर्फ कमी, आता पाच-चाळीसवर येता का?" असं लोक कचरा टाकताना विचारायचे. तो मान हलवून पुढे जायचा. कोणी चिक्कू म्हणालं, कोणी म्हातारचळ म्हणालं. हेल्लेवी काहीच म्हणायची नाही. तिला म्हणायची गरजच नव्हती, तिच्याकडे शीट होती.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हेल्लेवीचं दार वाजायचं. दारात इर्या उभी, हातात फडक्यात गुंडाळलेला वेलदोड्याचा गोड पाव, अजून गरम.

"अगं, मनावर घेऊ नकोस. त्याचा स्वभावच तसा."

"मी कशाला घेऊ मनावर," हेल्लेवी म्हणायची आणि पाव घ्यायची. असे बारा मार्च, बारा पाव. अठरा सालच्या शरद ऋतूत इर्या वारली. त्यापुढे मार्चमध्ये ताइस्तोचा प्रश्न तेवढा यायचा.

हेल्लेवीला दुसरी मैत्रीण नव्हती. इर्याशी मैत्री होती ती गुरुवारची. तळघरातल्या सौनात, त्या वाफेच्या खोलीत, बायकांची वेळ गुरुवारी संध्याकाळी सहाला असायची, आणि बाकीच्या बायकांना घाई असायची. या दोघी वरच्या फळीवर बसून राहायच्या. फारसं बोलायच्या नाहीत. एक तापल्या दगडांवर पाणी टाकायची, दुसरी 'हं' म्हणायची. बारा वर्षं गुरुवार चुकला नाही. इर्या गेल्यावर हेल्लेवीने गुरुवारची सौना सोडली आणि सगळ्यांना सांगितलं की डॉक्टरने बंद केलीय.

यंदा मात्र राजीनामा खरा होता. तिच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध एक धूसर डाग आला होता. आकडा बघायचा तर त्याच्या शेजारी बघावं लागायचं, मग तो दिसायचा. शेजारी बघून हिशेब ठेवणारा खजिनदार ठेवू नये, असं तिचं स्वतःचंच मत होतं. तिला कौतुक नको होतं, निरोपसमारंभ नको होता. तिला हवी होती ती एकच गोष्ट: सभेने शेवटच्या वर्षाचे हिशेब मंजूर करून तिला जबाबदारीतून रीतसर मोकळं करावं, आणि अडतीस अधिक एकोणतीस वर्षांत एकही चूक नाही, हे तसंच राहावं.

आणि जागा घ्यायला माणूसही मिळालं होतं. तिसऱ्या मजल्यावर नुकतीच आलेली साना, पन्नाशीची, घटस्फोटित, औषधांच्या दुकानात साठ्याचा हिशेब बघणारी. साना म्हणाली, मी घेते, पण शीट नको. डेटाबेस करू. हेल्लेवीला ते आवडलं नाही, पण 'घेते' हा शब्द तिने वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला होता. फेब्रुवारीत दोघी हेल्लेवीच्या टेबलाशी बसल्या. सानाचा डेटाबेस शिस्तीचा होता. प्रत्येक ओळ आत घेताना तो विचारायचा, हे घर की दुकान, आणि उत्तर तो नावावरून नव्हे, सूत्रावरून काढायचा. सगळं आत गेल्यावर सानाने पडद्याकडे बघितलं.

"हेल्लेवी, आपल्याकडे दुकान आहे का?"

"होतं. तळमजल्यावर न्हावी होता. पाच साली गेला. आता तिथे सायकली ठेवतात."

"कारण हा म्हणतोय तेरा घरं आणि एक दुकान."

"चौदा घरं आहेत."

"तेच म्हणते मी. आणि दुकान दुसऱ्या मजल्यावर आहे."

हेल्लेवी पडद्याच्या शेजारी बघू लागली. हळूहळू ओळ दिसली. दुकानाला घरापेक्षा चौरस मीटरमागे पंधरा सेंट जास्त, असा सभेचा ठराव होता, आणि दोन दर शीटच्या डोक्यावर दोन चौकोनांत होते. पोय्होनेन दांपत्य आलं तेव्हा त्या घराच्या जुन्या मालकाची ओळ तिने आधीच पुसून टाकली होती. गेलेल्याचं काही ठेवायचं नाही, हा तिचा नियम. मग नवी ओळ करायला तिने न्हाव्याची रिकामी पडलेली ओळ घेतली. नाव बदललं, क्षेत्रफळ बदललं. दर मात्र त्या ओळीने दुकानाच्याच चौकोनातून उचलणं चालू ठेवलं, सतरा वर्षं.

छप्पन्न गुणिले पंधरा सेंट. हे तिला शीटशिवाय येत होतं.

"एक हजार सातशे तेरा युरो साठ," ती म्हणाली.

सानाने माऊस त्या ओळीवर नेला. मग म्हणाली, "हे बघा, मी इथे 'घर' करून टाकते. पुढच्या महिन्यापासून बिल बरोबर जाईल. जुनी शीट कोण उघडणार आहे?"

"मार्चमध्ये तो विचारेल ना."

"नाही विचारणार. बिल बरोबर आलेलं असेल."

साना वाईट बाई नव्हती. म्हातारीला आयुष्याच्या शेवटी कशाला ओशाळं करा, एवढाच तिचा विचार. दोन दिवस हेल्लेवीने तो विचार घरात ठेवला आणि त्याच्याभोवती येरझाऱ्या घातल्या. तिला सारखे पैसे आठवत नव्हते, पाव आठवत होते. बारा वर्षं एक बाई चूक नसताना माफी मागत दारात उभी राहिली, आणि आपण ती माफी लोणी लावून खाल्ली. हे तिला गिळवेना. तिसऱ्या दिवशी ती एक मजला उतरून गेली आणि ताइस्तोचं दार वाजवलं.

"तुमचं बिल आठ युरो चाळीसने जास्त येतंय," ती म्हणाली. "सहा सालापासून. चूक माझी आहे."

ताइस्तोने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाला, "आत या. बूट काढा."

त्याने कपाटातून निळी फाईल काढली. सतरा कागद, पेन्सिलीने लिहिलेले, प्रत्येकाच्या खाली तोच आकडा. सर्वांत खालचा कागद दुसऱ्या हाताचा होता, गोल अक्षरांचा.

"हा इर्याचा," तो म्हणाला. "पहिल्याच वर्षी केलेला. तीनशे पोरांचं सार रोज मापून शिजवणारी बाई, तिला कितीसा वेळ लागणार? उभ्या उभ्या केला."

हेल्लेवीने कागद डोळ्यांच्या बाजूला धरला. पंधरा सेंट, दुकानाचा दर, सगळं लिहिलेलं होतं. चूक कुठे आहे हेसुद्धा.

"तिला माहीत होतं? मग ती दर वर्षी माझी माफी का मागायला यायची?"

"मी तिला हेच विचारायचो. ती म्हणायची, हा कागद हेल्लेवीला दाखवलास तर ती तोंड दाखवायची नाही, आणि गुरुवारी मी एकटी बसेन." ताइस्तोने फाईल मिटली. "म्हणायची, महिन्याला चार गुरुवार. दोन युरो दहाला एक. एवढ्या स्वस्तात मैत्रीण मिळत नाही, गप्प बस. पण मला गप्प बसता येत नाही. मी हिशेब विचारणार, पण हा कागद दाखवणार नाही, एवढ्यावर आमचा समझोता झाला."

हेल्लेवी खुर्चीवर बसली. तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं. ती रडली, आणि ताइस्तोने कॉफी ठेवली, कारण त्याला दुसरं काय करायचं ते कळेना.

मार्चच्या सभेत तिने सगळं उभं राहून वाचून दाखवलं. किती, कधीपासून, कुठल्या ओळीत. मशीन चुकलं नाही, हेही सांगितलं. मशीनला जे सांगितलं, तेच त्याने केलं.

मग पेन्टीने हिशेब मांडला. पैसे दुरुस्ती निधीतून परत द्यावे लागणार, म्हणजे घरटी एकशे बावीस युरो चाळीस. म्हणजे सौनाची नवी भट्टी यंदा विसरा.

"सतरा वर्षं गप्प होता, मग आताच कशाला काढलं," मागून कुणीतरी पुटपुटलं. ताइस्तो सतरा वर्षं गप्प होता, ही बातमी ताइस्तोलाही नवीन होती.

"निधीतून देणार असाल," तो म्हणाला, "तर त्यात चौदावा हिस्सा माझा. माझे मलाच परत देणार. तेवढं वेगळं काढा."

"आलं, आठ-चाळीस आलं," कुणीतरी म्हणालं. पण या वेळी हसायला कुणाची साथ मिळाली नाही.

पेन्टीने घसा साफ केला. "खजिनदाराला जबाबदारीतून मोकळं करायच्या बाजूने कोण?"

एरवी या प्रश्नाला हात बघायची पद्धत नव्हती. पेन्टी विचारता विचारताच लिहून टाकायचा. यंदा त्याने पेन वर धरलं आणि वाट बघितली. माणसं पुन्हा बुटांकडे बघू लागली. प्रत्येकाच्या डोक्यात एकशे बावीस चाळीस होते. हेल्लेवीने मान खाली घातली नाही. डोळ्यातल्या डागामुळे तिला समोरचं कुणी दिसत नव्हतं, फक्त कडेची माणसं दिसत होती, आणि कडेला, दाराजवळ, ताइस्तोचा हात वर गेला. तो बराच वेळ एकटाच वर होता. मग सानाचा गेला, मग पहिल्या मजल्यावरच्या जोडप्याचा, मग ओशाळून बाकीचे.

"मंजूर," पेन्टी म्हणाला आणि लिहू लागला.

"अजून एक वाक्य घाल," हेल्लेवी म्हणाली. "इर्या पोय्होनेन हिने हा हिशेब पहिल्याच वर्षी बरोबर केला होता. ती बोलली नाही ते माझ्यासाठी."

"हेल्लेवी, इतिवृत्तात फक्त सभासद येतात. ती तर आता…"

"लिही."

पेन्टीने लिहिलं. मग नियमाप्रमाणे वाचून दाखवलं, जरा भरभर, सगळं इतिवृत्त वाचतो तसं.

"परत वाच," ताइस्तो दाराजवळून म्हणाला. "सावकाश."