आज काय दुखस?

भिकन सर कराटे शिकवायचे, पण आधी कुणालाच हात उचलू द्यायचे नाहीत. पारोळ्यात शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरं रांगेत उभी करायचे आणि एकेकाला विचारायचे, "आज काय दुखस?" जो "काही नही" म्हणेल तो बाजूला बसायचा. दुखणं आठवलं की त्यानं परत रांगेत यायचं. एका पोरीला काही केल्या आठवेना. शेवटी ती ओरडली, "सर, बशीबशी पाय दुखी ऱ्हायनात!" सर हसले आणि तिला घेतलं.

मी माझ्या नातीला, कोमलला, सोडायला जायची. तिचे आईबाप दिवसभर कामावर. मी शिकलेली चौथी, पण तोंड वकिलाचं. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "भाऊ, कराटे शिकाडतस का दवाखाना चालाडतस?"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "अक्का, दुखनं म्हंजे कुत्रं. भुकस तोवर चिंता नही. गप बसनं का उठीसन देखनं पडस."

माणूस दिसायला काही विशेष नव्हता. काळा, बुटका, आणि पायऱ्या उतरायचा खेकड्यासारखा, आडवा. तरुणपणी स्पर्धेत गुडघा सुजलेला असताना पंचाला "काही नही" म्हणाले आणि लढले. जिंकलेही. "पदक आईनं डाळीच्या डब्यात ठेवलं," ते सांगायचे, "आणि गुडघा मला दिला." प्रत्येक नव्या पालकाला हे ऐकवायचे. मी सहा वेळा ऐकलं.

मला ते पटायचं नाही. आमच्या घरात दुखतं म्हणणाऱ्याला जास्त काम मिळायचं. माझी तीन बाळंतपणं झाली आणि दरवेळी आठव्या दिवशी मी कापूस वेचायला गेले. कोमललाही तेच शिकवलं होतं. सरांसमोर ती खोटं खोटं "करंगळी दुखस" म्हणायची आणि माझ्याकडे बघून डोळा मारायची. मला त्याचं कौतुक वाटायचं.

मग धुळ्याची स्पर्धा आली. कोमल चौदा वर्षांची. सर पहिल्या गाडीनं पुढे गेले, आम्ही दोघी मागून. दुपारी ती अंतिम फेरीत पोचली. गल्लीत मी आधीच सांगून ठेवलं होतं की पोरगी जिंकून येणार.

सुरुवातीलाच समोरच्या पोरीची लाथ तिच्या कानाच्या वर बसली. कोमल पडली आणि लगेच उठली. पंचानं विचारलं, तिनं मान हलवली, ठीक आहे. पण सरांनी पंचाकडून थोडा वेळ मागून घेतला, तिला कडेला आणलं आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"काय दुखस?"

"काही नही."

"सकायले काय खादं?"

"भरीत-भाकर."

सर माझ्याकडे वळले. "अक्का, खरं शे का?"

भरीत आम्ही आदल्या संध्याकाळी खाल्लं होतं. सकाळी धुळ्याच्या स्टँडवर पोहे खाल्ले, कोमलनं दोन प्लेटा. पण कोमल माझ्याकडे बघत होती. लहान पोर चूक लपवायला आजीकडे बघतं, तशी. माझ्या तोंडात "हो" तयार होतं. नाश्ता विसरली तर काय बिघडलं, मीही विसरते. पण ती सकाळचे दोन प्लेटा पोहे दुपारपर्यंत विसरणारी पोरगी नव्हती.

"नही," मी म्हणाले. "पोहे खादात."

सरांनी तिथंच तिचे ग्लोव्हज काढले. मागून कुणीतरी म्हणालं, "घाबरट सर." कोमल रडत म्हणाली, "आजी, तू लबाड शे." आयुष्यात एकदाच खरं बोलायला धीर लागला आणि लबाड ठरले.

दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात तिला दोनदा उलटी झाली. सर एका हातानं तिचं डोकं धरून बसले होते. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "रक्तस्राव नाही. मेंदूला हादरा बसलाय. आराम द्या, बरी होईल. पण याच्यावर आणखी एक लाथ बसली असती तर मी असं सांगायला आलो नसतो."

मी दवाखान्याच्या पायरीवर बसले. सर माझ्याशेजारी बसले, पाय लांब करून. म्हणाले, "पोहा कसा व्हता?"

"तिखट," मी म्हणाले, आणि दोघंही हसलो. इतकं हलकं मला तिच्या जन्माच्या दिवशीही वाटलं नव्हतं. कोमल आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. महिनाभर शेडमध्ये नुसती बसली. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत हरली, धडधाकट घरी आली, आणि येताना तिनं मला पोहे खाऊ घातले.

गेल्या उन्हाळ्यात सर मुलीकडे नाशिकला राहायला गेले. जायच्या आधी निरोप घ्यायला आले. चहा झाला. मी उठायला गेले आणि भिंतीला हात लावला. त्यांनी बघितलं.

"अक्का, काय दुखस?"

"काही—" म्हणाले आणि थांबले. हा माणूस मला आता बाजूला बसवील.

"गुडघा," मी म्हणाले. "दोन्ही."

"कव्हयपासून?"

"आठ वरीस व्हयनात."

"म्हंजे पहिल्या दिवसपासून," सर म्हणाले. "आन् माले म्हने, दवाखाना चालाडतस का!"

मग खेकड्यासारखे पायऱ्या उतरून गेले. दुसऱ्या दिवशी मी कोमलला घेऊन गुडघे दाखवायला गेले.