जगदेवभाऊजींनी पारखलेलं मशीन

जगदेवभाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, वैजयंतीचे नवरे. केनवडला त्यांची सहा एकर आहे, पण शेतापेक्षा त्यांचं तोंड जास्त पिकतं. चाळीस वर्षं हा माणूस बैलबाजारात पारखी म्हणून मिरवला. कोणाला जोडी घ्यायची असली की आधी भाऊजींना चहा, मग बाजार. ते बैलाचा ओठ वर करून दात बघत, अंगावरचे भोवरे बघत, खुरावर टिचकी मारत, दोन फेऱ्या चालवून बघत आणि रुमालाखाली बोटं दाबून गुपचूप भाव ठरवत. शेवटी म्हणत, "घेऊन टाक." मग समोरचा घेऊनच टाकायचा. देवानं सांगितलं असतं तरी लोकांनी एकदा बायकोला विचारलं असतं, भाऊजींनी सांगितल्यावर तेवढंही नाही.

मग ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरला दात नसतात, त्यामुळे भाऊजी गेली दहा वर्षं रिकामे आहेत. आणि रिकामा पारखी गावाला फार महाग पडतो. लोकांच्या सुना, लोकांचे मोबाईल, नव्या घराचं प्लास्टर, पारखायला त्यांना काहीही चालतं. वैजयंतीची भाकर तर रोज दोन वेळा खोड काढल्याशिवाय त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

त्यांना कधीच काही विचारलं नव्हतं ते एकट्या त्यांच्या मुलानं. पवननं पुण्याच्या कंपनीत सहा वर्षं काढली, परत आला, केनवडच्या स्टँडवर नाश्त्याचं हॉटेल टाकलं, सगळं आपल्या डोक्यानं. "लोकं चार कोस चालून मले इचारायले येत होते," भाऊजी एकदा माझ्याजवळ म्हणाले, "अन् घरचं पोरगं इचारत नाही. मंग मी कायले हाय घरात?" मला वाईट वाटलं. भाऊजींबद्दल मला क्वचितच वाईट वाटतं, म्हणून लक्षात राहिलं.

त्यामुळे पवन जेव्हा म्हणाला, "बाबा, वाशीमले एक व्हिडिओ गेमचं मशीन इकाले हाय. हॉटेलात ठेवाव म्हणतो. तुमी पाहाले चालता का संगं?" तेव्हा भाऊजींनी आधी पेटीतलं धोतर इस्त्रीला दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच ते धोतर नेसून आणि खांद्यावर बाजाराचा रुमाल टाकून ते माझ्या पिकअपमध्ये येऊन बसले होते. पिकअप माझी. मी किशन, बी.ए. झालेलो आहे आणि माल वाहतो.

वाटेत मी विचारलं, "भाऊजी, मशीनमधलं तुम्हाला काय समजते?"

"माल तं माल असते. इकणाऱ्याचं तोंड पाहाव लागते."

पवन खिडकीबाहेर बघत होता.

वाशीमला स्टेशनकडच्या एका गल्लीत ज्योत्स्नाताईंचं दुकान. नवऱ्यानं एकेकाळी तिथं गेम पार्लर चालवलं होतं. आता पोरांच्या हातात मोबाईल आले, पार्लर बंद झालं आणि ताईंना त्या जागेत शिलाईची मशिनं टाकायची होती. शेवटचं एकच मशीन उरलं होतं, कपाटाएवढं उंच, समोर दांडा, सहा बटणं आणि नाणं टाकायची फट. गेम दोन पहिलवानांच्या मारामारीचा.

ताई सरळ बाई. आम्ही टेकायच्या आत म्हणाल्या, "हे पाहा भाऊ, आधीच सांगते. बाकी सारं चोख हाय, पण मॉनिटर खराब हाय. दहा-पंधरा मिनिटं बराबर चालते, मंग गरम झाला की चित्र दबत जाते अन् मधात पांढरी रेघ राह्यते. दुरुस्त करणारा माणूस हाय, त्याचा नंबर मी मशीनच्या पाठीवर चिकटवून ठेवला. तो खर्च धरूनच मी भाव कमी सांगतला."

यापेक्षा स्वच्छ बोलणं मी कोर्टातही ऐकलेलं नाही. भाऊजींनी मात्र मला बाजूला ओढलं आणि कानात म्हणाले, "किसन, इकणारा सोताहून खोड सांगते, असं पाह्यलं का कधी? बाई पाय दाखवून राह्यली. म्हंजे बैलाची खोड डोळ्यात हाय."

आणि त्यांनी तपासणी सुरू केली. मॉनिटर सोडून सगळ्याची. लाकडावर टिचक्या मारून कान लावला, बुडाशी वाकून वाळवी शोधली, नाण्याच्या फटीत बोट घालून बघितलं, तिथं दात असते तर तेही मोजले असते. मागच्या जाळीला नाक लावून वास घेतला. पाठीवर नंबरचा कागद होता. कागद चिकटवलाय म्हणजे खाली काहीतरी झाकलंय, असं म्हणून त्यांनी तो नखानं खरडून काढला. खाली लाकूड निघालं. ताई बघत राहिल्या. त्यांना वाटलं असेल, खेड्यात गेम असाच खेळतात.

तेवढ्यात पवन माझ्याजवळ सरकला. "मामा, बाई खरं सांगून राह्यली. मी मंगळवारी एकटाच आलो होतो. अर्धा घंटा चालवून पाह्यलं. रेघ येते."

"मग सांग ना त्यांना!"

"सांगतो ना. त्याहिनं इचारलं की सांगतो. भाव आखीन तुटला तं घ्याव, नाही तं नाही, असं म्या ठरवलं हाय. पण आधी इचारू तं द्या."

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला तेव्हाच बोलता आलं असतं. पण रिकामी पिकअप परत नेली असती तर मला अर्धंच भाडं मिळणार होतं. माझी बी.ए. अशा वेळी बरोबर कामाला येते.

शेवटी भाऊजी म्हणाले, "दोन फेऱ्या चालवून दाखवा." ताईंनी मशीन सुरू केलं. दोन पहिलवान दोनदा मारामारी करून मोकळे झाले, पाच मिनिटंही लागली नाहीत. चित्र झकास. ताई म्हणाल्या, "थांबा भाऊ, गरम होऊ द्या." पण दोन फेऱ्या झाल्या होत्या. बाजारात तिसरी फेरी कोणी मागत नाही.

भाऊजींनी खांद्यावरचा रुमाल काढून हात पुढं केला. ताईंना वाटलं धूळ पुसायला देताहेत. "राहू द्या, पुसलेलं हाय," त्या म्हणाल्या. परक्या बाईसोबत रुमालाखाली बोटं दाबायची नसतात हे भाऊजींना उशिरा आठवलं, आणि ते मला पुन्हा बाजूला घेऊन गेले. "खोड नाहीच. बाईनं दुसऱ्या कोणाले तरी सबद देला हाय, अन् आपल्याले भेववून राह्यली. भाव तोडत बसलो तं तो घेऊन जाईन." मग पवनकडे न बघताच त्यांनी निकाल दिला, "घेऊन टाक."

पवननं तोंड उघडलं होतं. बाप किती दिवसांनी हे दोन शब्द बोलला, ते त्याला दिसलं असावं. त्यानं तोंड मिटलं आणि पैसे दिले.

येताना रिठदला चहाला थांबलो. तिथं ओळखीचे चार म्हातारे भेटले आणि भाऊजींनी बाईची लबाडी कशी पकडली ते रंगवून सांगितलं. दुसऱ्या कपापर्यंत बाई पार महाठग झाली होती. पवन चहा न पिता पिकअपला टेकून उभा होता.

संध्याकाळी केनवडच्या स्टँडवर गर्दी जमली. भाऊजी खुर्ची टाकून मशीनजवळ बसले, नवरदेवाच्या बापासारखे. पोरं रांगेत उभी राहिली, बसची वाट बघणारेही आत आले. दहा मिनिटं नुसती धमाल चालली. मग पहिलवान बुटके झाले. मग त्यांची डोकी गुडघ्यांना लागली. मग सगळं दबून मधोमध एक पांढरी रेघ उरली, आणि रेघेतून मारामारीचे आवाज येत राहिले.

कोणीतरी मागून म्हणालं, "जगदेवभाऊ, बैल तं बसका निघाला."

अख्खं हॉटेल हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. नांगराच्या तासात मधेच बसणारा बैल या माणसानं लांबून ओळखावा, अशी त्याची ख्याती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे आमच्या गावात आता भाऊजींच्या नावावर लागलं.

भाऊजी हसले नाहीत, चिडलेही नाहीत. खुर्ची पुढं ओढून त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बाई खरं बोलून राह्यली होती." हळूच म्हणाले, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "चाळीस वर्स बाजारात गेले. सारे खोटे बोलत होते, मीबी बोलत होतो. खरं बोलणारं माणूस समोर आलं, तं मले वळखूच आलं नाही."

पवननं मशीन बंद केलं.

"मेकॅनिकचा नंबर होता," भाऊजी म्हणाले. "म्या खरडून टाकला."

"माह्याजवळ हाय. मंगळवारीच लिहून घेतला होता म्या."

"मंगळवारी?" भाऊजींनी मान वर केली. "म्हंजे तुले मालूम होतं?"

"रेघ पाह्यली होती."

"मंग बोलला काहून नाहीस रे?"

पवननं खांदे उडवले नाहीत, आवाज चढवला नाही. गिऱ्हाइकाला बिल सांगावं तसं सांगितलं, "तुमी मले इचारलंच नाही, बाबा. कधीच नाही इचारत."

माझी मान खाली गेली. भाऊजींनी रुमालानं तोंड पुसलं, तो घडी करून मांडीवर ठेवला, आणि त्या सगळ्या गर्दीसमोर मुलाला विचारलं, "बरं, आता इचारतो. काय कराचं?"