बहल्याच्या बागेत वाढलेलं पान

आधीच सांगतो, मी पंप दुरुस्त करणारा माणूस. पाणी चढत नसेल तर पंप खोलून बघायचा, नारळ फोडायचा नाही... हा माझा बाणा. गावी कोणी भुताखेताच्या गोष्टी काढल्या की मी हमखास टिंगल करायचो. हल्ली गप्प बसतो. का, ते आज पहिल्यांदाच लिहितोय.

नव्वदीच्या अखेरची गोष्ट. आम्ही तेव्हा ओमानमध्ये बहल्याला राहायचो. चहूकडे रखरखीत वाळवंट आणि मध्येच खजुराच्या बागांचं हिरवंगार गाव, भोवती मातीचा लांबलचक तट. बागाबागांतून फलजचं, म्हणजे पाटाचं, पाणी खेळतं. माझी बायको सुलभा ते बघून म्हणाली, "अहो, हे आपलं गुहागरच की, फक्त समुद्र तेवढा विसरलेत!" आमची मनू तेव्हा पहिलीत होती. बहला जिन्नांचं, म्हणजे तिथल्या भुताखेतांचं, गाव आहे, हे वर्कशॉपमधल्या प्रत्येकाने मला ऐकवून झालं होतं. मी ते हसण्यावारी नेलं.

एका शुक्रवारी आम्ही माझ्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, बागेत डबे घेऊन गेलो. आमच्या कोकणात परक्या बागेत जेवायला बसलं की आधी त्या जागेच्या राखणदाराला वाढायचं असतं. सुलभाने केळीचं पान तोडलं, त्यावर वरणभात आणि वडा वाढून तटाच्या कडेला ठेवलं आणि हात जोडले, "पोरीवर लक्ष असू दे रे बाबा."

"अरबीत सांग, त्याला मराठी कळायचं नाही," मी म्हटलं.

जेवणं उरकेपर्यंत पान स्वच्छ झालं होतं... मांजराने खाल्लं असणार. तेवढ्यात बाग सांभाळणारे म्हातारे खमीसबाबा आले. पान बघून त्यांचा चेहराच उतरला.

"मदाम, ये किसको दिया? इधर हम लोग बिस्मिल्ला बोलके सब खुद खाता, खलास. किसी को बुलाता नहीं."

सुलभा ओशाळली. मी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

पुढच्या आठवड्यात अर्बाबच्या बकरीने मनूला ढुशी मारून पाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बकरी मेलेली, अंगावर एक ओरखडा नाही. मग शाळेच्या व्हॅनमधल्या एका मुलीने मनूचे केस ओढले. ती मुलगी उतरताना पायरीवरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. तिची आई आमच्याकडे आली होती. म्हणाली, "ती म्हणते कोणीतरी हात धरून ओढलं... पण मागे कोणीच नव्हतं हो." मी तिला काहीबाही समजावून परत पाठवलं.

मनू मात्र खुशीत असायची. एकटीच बडबडायची. सुलभाने विचारलं, कोणाशी बोलतेस गं? तर म्हणाली, "तो आहे ना, माय फ्रेंड. तो मला... लुक आफ्टर करतो. तू सांगितलंस ना त्याला?"

सुलभा पांढरीफटक पडली. मी चिडलो, म्हटलं पोरांच्या डोक्यात काहीही असतं.

आणि मग एके दिवशी अभ्यासावरून मनूने भलताच हट्ट केला, वही भिरकावली. सुलभाने रागाच्या भरात तिला एक चापट मारली. दुसऱ्या दिवशी सुलभाचा उजवा हात उठेना. बोटंसुद्धा हलेनात. मस्कतला नेऊन सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, हात उत्तम आहे. त्या हाताने तिला पोळी लाटता येईना, मनूची वेणी घालता येईना. त्याहून वाईट म्हणजे ती मनूजवळ जायलाच घाबरायला लागली. स्वतःच्या पोटच्या पोरीला घाबरणारी आई मी घरात बघत होतो, आणि माझ्याकडे त्याला काही औजार नव्हतं.

शेवटी मीच खमीसबाबांकडे गेलो. त्यांनी मान हलवली. "मैं कुछ नहीं कर सकता. जिसने काम दिया, वो ही वापस लेगा."

अस्राच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर आम्ही तिघं बागेत गेलो. ऊन अजून लख्ख होतं. सुलभा तटापाशी उभी राहिली आणि गावी गुरव घालतो तसं गाऱ्हाणं घालायला लागली, "बा म्हाराजा, तुला काम सांगितलं ती माझी चूक झाली. पोर माझी आहे. तिला जपीन मी, आणि मारीन पण मीच. आजपासून तू मोकळा."

पानही हललं नाही. मग मनू एकदम रडायला लागली आणि तटाकडे बघत म्हणाली, "मम्मी, तो विचारतो... आर यू शुअर?"

"व्हय म्हाराजा," सुलभा म्हणाली. मी आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो.

हात हळूहळू सुधारला. वर्ष संपायच्या आत मी मस्कतला एका वर्कशॉपमध्ये नोकरी धरली आणि बहला सोडलं. मनूला यातलं काहीच आठवत नाही.

तो खरंच गेला का? त्याची खात्री करून घ्यायचा एकच मार्ग होता, आणि तो आम्ही दोघांनीही कधी वापरला नाही. मनूवर आम्ही पुन्हा कधी आवाजसुद्धा चढवला नाही. लोक म्हणतात, एकुलती एक, लाडावून ठेवलीय.

यंदा पुण्यात तिचं लग्न ठरलं. नोकरी, घरदार, सगळं सुलभाने विचारलं. मी एवढंच विचारलं, मुलगा रागीट नाही ना? विहीणबाई हसून म्हणाल्या, "बापाला लेकीची काळजी असायचीच!"

मी मान डोलावली. पण मला काळजी त्या मुलाची वाटत होती.