शनिवारी दाखवलेलं तळघर

आम्ही सगळे ज्यांना काका म्हणायचो ते डॅनियल नागावकर गेल्याचं मला आमच्या संकुलाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळलं, ‘लिफ्ट दोन तास बंद राहील’ या सूचनेच्या खाली. मी तेव्हा उलव्याला एका पार्टीला ऑफिस दाखवत होतो. पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग लागली. आमच्या साहेबांनीही ‘कर्तव्यदक्ष माणूस हरपला’ असं लिहिलं. याच साहेबांनी काकांना दोनदा नोकरीवरून काढून टाकायचं ठरवलं होतं. पण त्यांना नावं ठेवायचा हक्क मला तरी कुठे आहे?

पनवेलच्या त्या व्यापारी संकुलात आम्ही दोघं एकाच कंपनीचे नोकर. गाळे भाड्याने लावायचे हे माझं काम. लावलेल्या गाळ्यांची वीज, गळती, भाडेकरूंच्या शिव्या हे सगळं काकांचं. म्हणजे मी गोड बोलून पाच वर्षांच्या करारावर सह्या घ्यायच्या आणि ती पाच वर्षं त्यांनी निस्तरायची. काकांची जीभ सरळ. गिऱ्हाईक तळघरातला गाळा बघत असलं की आपणहून सांगायचे, “पावसात इथे पाणी भरतं हं. दुसरा पंप मागून मागून दमलो मी.” झालं, सौदा फिसकटायचा. मी चिडलो की म्हणायचे, “अरे, तू चावी देऊन मोकळा होतोस. रोज तोंड मला दाखवायचंय.”

काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. शुक्रवारी दिवेलागणीआधी घरी, शनिवारी कामाला हात नाही. “आमचे पूर्वज शनिवारी तेलाचा घाणासुद्धा जुंपत नसत,” म्हणून हसायचे. यावर माझं नीच डोकं चाललं. तळघर मी फक्त शनिवारी दाखवायला लागलो. साहेबांनी पाठ थोपटली.

नेऱ्याच्या सुनंदाताई म्हात्रे अशाच एका शनिवारी आल्या. शाळेचे गणवेश शिवायचं त्यांचं काम, सोळा मशिनी. “पानी नाय ना येत?” त्यांनी विचारलं. “छे हो ताई,” मी म्हणालो आणि करारावर सही घेतली. जुलैत, नेमकं शनिवारीच, तळघर भरलं. मी त्यांचा फोन उचलला नाही. मग त्यांनी काकांना लावला आणि जन्मात शनिवार न मोडलेला तो माणूस पँट दुमडून गटाराच्या पाण्यात उतरला. दुपारपर्यंत मशिनी वर काढत होता. पायाला जखम होती. लेप्टो झाला, नवव्या दिवशी सगळं संपलं...

दफन झाल्यावर सुनंदाताई माझ्याजवळ आल्या. “तुमाला माहीत होता ना, साहेब?” एवढंच म्हणाल्या. मला माझीच किळस आली. अजून येते.

महिना झाला. परवा साहेब म्हणाले, “चला, आता कुठल्याही वारी दाखवता येईल.” त्यांच्या थोबाडीत द्यायला हात शिवशिवले आणि त्याच हातांनी मी किल्ल्या घेतल्या. मंगळवारी पार्टी आली, औषधांचं गोदाम करायचंय त्यांना. जिना उतरताना मी क्षणभर थांबलो, काका काहीतरी बोलतील म्हणून. पार्टीने पाण्याचं विचारलं आणि माझ्या तोंडून पुन्हा ‘छे हो’ निघून गेलं.

पुढच्या आठवड्यात सह्या आहेत. तोंडावर सांगायची छाती झाली नाही. त्यांच्या घरी वर्तमानपत्राची ही पुरवणी येत असेल, एवढ्याच आशेवर इथे लिहितो : त्या तळघरात पाणी भरतं. गुडघ्याच्या वर.