शाङ आजींचा वाडगा

आज पौर्णिमा, माझा शाकाहाराचा दिवस. गुआनयिन देवीला उदबत्ती लावत होते, तेवढ्यात शेजारच्या शाङ आजी वाडगाभर उकडलेल्या करंज्या घेऊन आल्या. या महिन्यातली ही पाचवी खेप. "तुझा नेम आहे ना, म्हणून नुसता कोबी भरलाय," म्हणाल्या.

इतकी माया मला खटकलीच. माझा नवरा गावच्या कचेरीत कारकून. तो कालच म्हणाला होता, "म्हातारीला कसली तरी सही हवी असणार. सांभाळ!" शेजाऱ्याचा वाडगा रिकामा परत करणं आमच्याकडे अपमानाचं, म्हणून मी दर वेळी बेताने तेवढेच शेंगदाणे भरून देते. मिंधेपण नको.

आज मात्र शेंगदाण्यांचा डबा फळीवरून काढता काढता सरळ विचारलं, "आजी, काम काय आहे ते बोला ना."

आजी उंबऱ्यावर टेकल्या. "जन्मभर बाजारात टोफू विकत बसले गं, गावात कुणाच्या मयताला गेले नाही. मूलबाळ नाही. आता माझी शवपेटी उचलायला कोण येणार? तुझ्या घरात नवरा आहे, दीर आहे..."

मी शेंगदाण्यांचा डबा परत फळीवर ठेवला.

"वाडगा राहू दे इथेच. परतफेड आमच्याकडे राहिली."

आजींनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "देवीसमोर सांगतेस ना?"

"देवीसमोरच उभी आहे, आजी."