दोन रेघांची खिंड

रोज दुपारी चारची एसटी घाट चढायला लागली, की रेघ्याआबा उठून उभे राहायचे. पायात वहाणा सरकवायचे, मेंढ्या थोपवताना धरतात तशी दोन्ही हातांनी काठी छातीशी आडवी धरायचे आणि मान वर करून आभाळाकडे बघत राहायचे. वर दोन विमानं असायची. एक उत्तरेकडून दक्षिणेला जाणारं, दुसरं पूर्वेकडून समुद्राच्या दिशेला निघालेलं. धारूरच्या किल्ल्याच्या थोडं अलीकडे, बरोबर आमच्या शेताच्या डोक्यावर त्यांच्या पांढऱ्या रेघा एकमेकींना छेदायच्या. दोन्ही पार होईपर्यंत आबा कुणाशी चकार शब्द बोलायचे नाहीत. मग काठी खाली करून म्हणायचे, "गेली बाबा आजची." त्यातल्या 'आजची' या शब्दाची मला लहानपणापासून भीती वाटायची. उद्याचं अजून बाकी आहे, असं ते सांगत असल्यासारखं वाटायचं.

आबा धनगर. पावसाळ्याआधी दरवर्षी त्यांचा कळप आमच्या दोन एकरांत बसायला यायचा, खत होतं म्हणून. माझे वडील झेडपीच्या शाळेत मास्तर होते. "जयभीम, गुरुजी," म्हणत आबा बांधावर टेकायचे आणि चहा येईपर्यंत उठायचे नाहीत. शाळेचं तोंडही न पाहिलेला हा माणूस माझ्या वडिलांना आभाळ वाचून दाखवायचा, आणि वडील, जे वर्गात कुणाला तोंड उघडू द्यायचे नाहीत, ते मुकाट ऐकायचे.

विमानाची रेघ लगेच पुसली गेली तर वर कोरडं आहे, बिनघोर मेंढ्या कातरा. रेघ तशीच राहिली, फुगून पिंजलेल्या कापसासारखी पसरली, तर दोन दिवसांत पाऊस. कातरी पिशवीत ठेवा. हे त्यांचं शास्त्र. गावातले लोक हसायचे आणि लोकर कातरायच्या आधी गुपचूप विचारून जायचे. रेघ्याआबा हे नाव त्यातूनच पडलं. मला त्यांनी दिशा शिकवल्या, वेळा शिकवल्या. "आदी उत्तरंचं जातंय, मंग उगवतीचं येतंय. ध्यानात ठेव, माय." मी ध्यानात ठेवलं. विमान कंपन्यांची वेळापत्रकं दर काही महिन्यांनी बदलतात, पण दुपारचा तो क्रम काय योगायोग होता कुणास ठाऊक, वर्षानुवर्षं टिकला.

आबांचा एक सोबती त्यांना चिडवायचा, "पडलं का बे इमान आज, रेघ्या?" आबांना ही थट्टा मुळीच खपायची नाही. "एक दिस ह्या दोन रेघा एकमेकीला भिडणार हायत," ते म्हणायचे, "आन् तवा तू खाली आसलास म्हंजे कळंल." एवढं वाईट बोलू नका म्हणून माझी आई ओरडायची. पण वडील तिला गप्प करायचे. आबांचा धाकटा भाऊ ऐन तरुणपणी घाटातल्या खिंडीत गेला होता. दोन कळप समोरासमोर आले, मेंढ्या बिथरून कड्यावरून सुटल्या, त्यांना वळवायला धावलेला पोरगाही त्यांच्याबरोबर खाली गेला. गावाला एवढंच माहीत होतं, आणि आबांना त्याहून जास्त विचारायची कुणाची छाती नव्हती.

मोठेपणी मी विमान वाहतूक नियंत्रक झाले, यात माझ्या हुशारीपेक्षा आबांच्या काठीचा वाटा मोठा आहे. एका महानगराच्या विमानतळावर माझी नेमणूक झाली. तिथं विमानं उतरायला अक्षरशः रांगा लागतात, एक धावपट्टी सोडत नाही तोवर दुसरं दारात उभं. पण आमच्या खोलीला खिडकी नाही. काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके, त्यांच्या शेजारी नाव आणि उंची, कानात वैमानिकांचे आवाज. दूरवरून येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचा जो पट्टा मी सांभाळायचे, त्यात धारूरही येतं. पडद्यावर ते नाव नसतं, पण माझं बोट नेमकं तिथं जातं.

पहिल्या सुट्टीत मी आबांना समजावून सांगितलं. रेघा खालून एकमेकींना शिवल्यासारख्या दिसतात, पण वर दोघींमध्ये हजार फुटांचं अंतर असतं.

"हजार फूट म्हंजे किती?"

"घाटाच्या तळापासून वरपर्यंत धरा ना. थोडं जास्तच असेल."

आबांनी घाटाकडे पाहिलं. "एवढ्यावर मी मेंढरू सोडत न्हाई," ते म्हणाले, "आन् तुमी माणसं सोडताव!"

मी हसले. शिकलेली होते ना! त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

एका मंगळवारी दुपारी पूर्वेकडून येणाऱ्या वैमानिकाने, समोर ढग आहेत म्हणून, लवकर खाली यायची परवानगी मागितली. घड्याळात चार वाजून गेले होते. आधी उत्तरेचं जातं. ते गेलेलं असणार. मी परवानगी दिली. खरं तर त्या दिवशी उत्तरेचं उशिरा सुटलं होतं. ते पडद्यावर होतं, नावानिशी, उंचीनिशी, माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मला दिसलं नाही. मी पडद्याकडे बघतच नव्हते, मी आमच्या बांधावर बसले होते. मग कुठून कोण जाणे, मनात आलं की आत्ता आबा काठी आडवी धरून उभे असतील. कशासाठी उभे असतील? तेव्हा मी पाहिलं.

उतरणाऱ्याला मी आहे तिथंच रोखलं आणि उजवीकडे वळवलं. आवाज चढू द्यायचा नाही हे आमच्या अंगात मुरवलेलं असतं, म्हणून तो चढला नाही. धोक्याची सूचना पडद्यावर त्यानंतर लुकलुकायला लागली. दोन्ही विमानं एकमेकांच्या मागून-पुढून सुखरूप गेली. आतल्या लोकांनी बहुधा चहाचे कप परत दिले असतील. मला खुर्चीवरून उठवलं गेलं, चौकशी सुरू झाली, आणि निकाल लागेपर्यंत मला काम नव्हतं. ते बरंच झालं, कारण मी पुन्हा त्या खुर्चीत बसणार नाही, असं मनोमन ठरवून टाकलं होतं.

गावी आले. सुट्टी घेतली, असं घरी सांगितलं. कळप आमच्याच शेतात बसला होता. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि कशी आहेस वगैरे काही न विचारता म्हणाले, "मंगळवारी उगवतीची रेघ वाकली."

मी पिशवी बांधावर ठेवली.

"लई वर्सं बगतोय. कदी वाकली न्हवती. तूच हुतीस का थितं?"

मग मी सगळं सांगितलं. चौकशीत लिहून दिलं नव्हतं तेही सांगितलं: उत्तरेचं आधी जातं, हे मी तुमच्याकडून शिकले होते, आणि तेवढ्यावरच विसंबले. बोलून गेल्यावर वाटलं, हे म्हाताऱ्याच्या पदरात कशाला टाकलं!

आबा काठीने माती उकरत राहिले. समोर मेंढ्या एकमेकींच्या सावलीत डोकी खुपसून उभ्या होत्या. मग ते बोलायला लागले, आणि इतक्या वर्षांत गावात कुणालाच माहीत नसलेलं मला सांगितलं.

"खिंडीत शिरायच्या आदी हाळी द्यायची, आन् पल्याडनं हाळी येती का ऐकायची, आशी रीत हाय आमची. त्या दिशी म्या दिली न्हाई. पल्याडचा कळप रोज आमच्या आदी निगून जायचा. गेला आसंल, म्हनलं. भावानं इचारलं, दादा, हाळी देऊ का? म्या म्हनलं, कावून? गेलेत ते, चल."

त्यांनी डोळे पुसले नाहीत. डोळ्यांत पाणी नव्हतंच. "म्या तुला येळ शिकवली, माय. बगायला शिकवाया पायजे हुतं."

मी म्हटलं, "आबा, मी आता परत जाणार नाही."

"न्हाई गेलीस तर दुसरं कुनी बसंल. त्याला खिंड ठावं हाय का?" ते एकदम कडाडले. त्यांचा तसा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मग हळू झाले. "जा. पर एक ध्यानात ठेव. कुपाटीला एकदा भगदाड पडलं, का मेंढरू फिरून थितंच येतंय. बुजवलं तरी येतंय."

घाटात एसटीचा आवाज आला. आबा उठले, वहाणा घातल्या आणि काठी माझ्या हातात दिली. "आज तू धर." मी आडवी धरली. काठी तेलकट, गुळगुळीत आणि वाटली होती त्यापेक्षा जड होती. दोन रेघा आल्या, एकमेकींना छेदून गेल्या. "म्हन की," आबा म्हणाले. "गेली," असं मी म्हटलं. 'आजची' माझ्या तोंडून निघेना. ते आबांनीच पुरं केलं.

चौकशी संपली, फेरप्रशिक्षण झालं, पुन्हा परीक्षा झाली, आणि मी त्या खुर्चीत परत बसले. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी पाळी संपवून बाहेर आले आणि कपाटातला फोन काढला, तर वडिलांचे चार फोन येऊन गेले होते. आबा दुपारी गेले. झाडाखाली बाजेवर पडले होते, दोनदा सुनेला विचारलं, "एसटी आली का गं?" ती म्हणाली, अजून वेळ आहे. एसटी आली तेव्हा ते नव्हते. त्या वेळी मी पडद्यासमोर होते. दोन्ही विमानं माझ्याच हाताखालून पार झाली होती, आणि खाली कुणी उभं नाही, हे मला माहीत नव्हतं.

मी खूप रडले. माझ्या आजोबांसाठीसुद्धा इतकी रडले नव्हते.

काठी वडिलांनी मागून घेतली. ती माझ्या घरात दाराशी उभी असते. कामावर नेता येत नाही. आता कुठलंही विमान निघून गेलं असेल असं वाटलं, की मी मुद्दाम त्याला पडद्यावर शोधते आणि हळूच त्याच्या नावावर बोट ठेवते. शेजारचे सहकारी याला माझा सोवळेपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

परवा उत्तरेचं पुन्हा उशिरा होतं. चार वाजून गेले होते, समोर ढग होते, आणि पूर्वेकडच्या वैमानिकाने खाली यायची परवानगी मागितली. सगळं तेच, त्याच जागी. माझ्या जिभेवर 'हो' आलेलं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. मग मी "थांबा" म्हणाले. दोन्ही ठिपके लांब गेल्यावर शेजारच्याने विचारलं, "मॅडम, उभ्या का राहिलात?"

मी खाली पाहिलं. मी उभी होते, आणि माझे दोन्ही हात छातीशी आडवे होते.

"गेली आजची," मी म्हणाले. त्याला काही कळलं नाही.